नाकारलेल्यांची नोंद : लष्करी वैमानिकांच्या मानसशास्त्रीय निवडीचा इतिहास

प्रस्तावना

प्रत्येक निवडपद्धतीला एक अंगभूत मर्यादा असते. जे निवडले जातात त्यांचे पुढे काय झाले हे तिला समजते. जे नाकारले जातात त्यांचे काय झाले असते हे मात्र तिला कधीच समजत नाही. गुणवत्ता यादीत ज्याचे नाव आले नाही तो विद्यार्थी त्या अभ्यासक्रमात कसा उतरला असता, याची नोंद कोणत्याही महाविद्यालयाच्या दप्तरी सापडत नाही. त्यामुळे आपण योग्य माणसे निवडली ही निवडकर्त्यांची खात्री बहुधा अर्ध्या पुराव्यावर उभी असते.

लष्करी वैमानिकांची मानसशास्त्रीय निवड हा विषय या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. वैमानिक घडविण्यास लागणारा खर्च मोठा, चुकीची किंमत प्रसंगी प्राणांची आणि उमेदवारांची संख्या महायुद्धाच्या काळात लाखांच्या घरात. यामुळे विसाव्या शतकातील मानसशास्त्रज्ञांना येथे जेवढी साधने, जेवढा पैसा आणि जेवढी माणसे उपलब्ध झाली तेवढी अन्य कोणत्याही निवडक्षेत्रात क्वचितच झाली असतील. या कसोट्या पहिल्या महायुद्धात कशा उदयास आल्या, अमेरिकेत १९४१ ते १९४६ या काळात त्यांना संख्यात्मक रूप कसे मिळाले, जर्मनी व ब्रिटनमध्ये वेगळ्या विचारातून कोणती परंपरा वाढली आणि हे दोन्ही प्रवाह भारतीय हवाई दलाच्या निवडकेंद्रांत कसे एकत्र आले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. नाकारलेल्या उमेदवारांविषयी या पद्धतींना काय माहीत होते, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

पहिले महायुद्ध : घोडेस्वार, पिस्तूल आणि फिरती खुर्ची

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा विमानाचा शोध लागून जेमतेम अकरा वर्षे झाली होती. वैमानिक कसा असावा याविषयी शास्त्रीय ज्ञान असण्याचा प्रश्नच नव्हता. होत्या त्या समजुती. लगाम हलक्या हाताने धरणारा घोडेस्वार विमानही तितक्याच हळुवारपणे हाताळील, मैदानी खेळ खेळणारा तरुण आकाशातही डगमगणार नाही, अशा धारणांवर निवड चाले. या धारणा सर्वस्वी निराधार होत्या असे नाही. परंतु त्यांतून प्रत्यक्षात निवडला जाई तो घोडा पोसू शकणाऱ्या घरातील मुलगा. वैमानिकाच्या गुणांविषयीची ही पहिली व्याख्या मानसशास्त्रीय असण्यापेक्षा सामाजिक अधिक होती.

या समजुतींना प्रयोगशाळेतून पहिले उत्तर फ्रान्समध्ये मिळाले. कामू आणि नेपर या दोन वैद्यकांनी उमेदवारांचा प्रतिक्रियाकाल मोजण्यास प्रारंभ केला. दिवा दिसताच, आवाज ऐकू येताच अथवा स्पर्श होताच उमेदवार किती वेळात प्रतिसाद देतो, याची नोंद घेतली जाई. त्याच्या जोडीला भावनिक स्थैर्याची चाचणी होती. उमेदवाराचा श्वास, नाडी आणि हाताचा कंप यांचा आलेख उमटत असताना अचानक जवळच पिस्तुलाचा बार उडवीत आणि आलेख किती विस्कळीत होतो व किती लवकर पूर्ववत होतो हे पाहत. इटलीत आगोस्तिनो जेमेल्ली या वैद्यक, मानसशास्त्रज्ञ आणि फ्रान्सिस्कन धर्मगुरू असलेल्या अभ्यासकाने याच प्रकारचे काम हाती घेतले. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरल्यावर तेथील मानसशास्त्रज्ञांनीही उड्डाण केंद्रांवर चाचण्या घेतल्या. जॉर्ज स्ट्रॅटन आणि व्हिव्हियन हेन्मन यांची नावे या कामाशी निगडित आहेत. संख्याशास्त्रीय बाजू एडवर्ड थॉर्नडाइक यांनी सांभाळली.

याच काळातील फिरत्या खुर्चीची कथा मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. माणसाला गोल फिरवून एकदम थांबविले की त्याचे डोळे काही काळ एका बाजूस झटके देत राहतात. अमेरिकी वैद्यकीय तपासणीत उमेदवाराला खुर्चीत बसवून वीस सेकंदांत दहा फेऱ्या दिल्या जात आणि हे झटके किती वेळ टिकतात ते मोजले जाई. सव्वीस सेकंद हे प्रमाण मानले होते; त्याहून दहा सेकंदांपेक्षा अधिक फरक पडला की उमेदवाराचा अंतर्कर्ण सदोष ठरे. पुढे कोलमन ग्रिफिथ यांच्या प्रयोगांतून असे दिसून आले की, माणसाला वारंवार फिरविले तर सवयीने हा काळ कमी कमी होत जातो. म्हणजे फिरण्याची ज्याला सवय झाली आहे, तोच या कसोटीने दोषी ठरण्याचा संभव होता! कसोटी नेटकी होती, घड्याळ अचूक होते, आकडा निःसंदिग्ध होता. फक्त त्या आकड्याचा उड्डाणाशी संबंध काय, हे तपासण्यापूर्वीच तो लागू करण्यात आला होता.

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये युद्ध थांबले आणि हे बहुतेक काम मध्येच थबकले. दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिकी हवाई वैद्यकीय विद्यालयात मॅशबर्न यांनी विकसित केलेल्या संयुक्त समन्वय यंत्रासारखे काही प्रयत्न झाले. परंतु त्यांचा उपयोग व्यापक प्रमाणावर झाला तो पुढील युद्धातच.

१९४१ : हवाई शल्यचिकित्सकाच्या कार्यालयात मानसशास्त्रज्ञ

दुसऱ्या महायुद्धाचे ढग जमू लागले तेव्हा अमेरिकी लष्करी हवाई दलात उड्डाण-प्रशिक्षणासाठी महाविद्यालयाची दोन वर्षे पूर्ण केलेली असणे किंवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण असणे आवश्यक होते. या अटीने बहुसंख्य तरुण आपोआप वगळले जात. हजारो वैमानिकांची गरज निर्माण झाल्यावर ती परवडणारी राहिली नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाची हवाई शल्यचिकित्सकाच्या कार्यालयात नेमणूक झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हवाई मानसशास्त्र कार्यक्रम उभा राहिला. जानेवारी १९४२ मध्ये महाविद्यालयीन शिक्षणाची अट दूर होऊन तिच्या जागी लेखी पात्रता परीक्षा आली.

फ्लॅनगन यांनी आरंभीच केलेली एक तपासणी उल्लेखनीय आहे. प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या एक हजार उमेदवारांविषयी प्रशिक्षकांनी व मंडळांनी काय कारणे नोंदविली आहेत, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचून काढले. उड्डाणाची उपजत क्षमता नाही, निर्णयशक्ती कमी, स्वभाव अयोग्य, प्रगती असमाधानकारक, अशी ठरावीक साच्यातील वाक्ये त्यांत पुनःपुन्हा आढळली. विद्यार्थ्याने नेमके काय केले अथवा केले नाही, याचा बोध त्यांतून क्वचितच होत असे. गोपनीय अहवालांचे रकाने भरण्याची ज्यांना सवय आहे त्यांना ही भाषा अपरिचित वाटणार नाही. फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या निर्णायक प्रसंग तंत्राची एक प्रेरणा या असमाधानात होती.

मॅक्सवेल फील्ड, सॅन अँटोनिओ आणि सांता आना येथे मानसशास्त्रीय संशोधन केंद्रे स्थापन झाली. तेथे प्रत्येक उमेदवाराला सुमारे वीस चाचण्या द्याव्या लागत. काही लेखी होत्या : तबकड्या व तक्ते वाचणे, यांत्रिक तत्त्वे, दिशाज्ञान, गणित, पूर्वायुष्याची माहिती. काही यंत्रांवरच्या होत्या. संयुक्त समन्वय यंत्रासमोर उमेदवार विमानाप्रमाणेच दांडा हातात धरून आणि पायांखाली सुकाणूचे पट्टे घेऊन बसे. समोरच्या फलकावर लाल दिव्यांची एक रचना उजळे. दांडा आणि पट्टे हलवून हिरवे दिवे त्या रचनेशी जुळवावयाचे, जुळले की नवी रचना. ठरलेल्या वेळात किती रचना जुळल्या ते गुण. दुसऱ्या यंत्रावर लेथच्या मुठींसारख्या दोन मुठी दोन हातांनी फिरवून सरकत्या लक्ष्याचा पाठलाग करावा लागे. ही यंत्रे सर्व केंद्रांवर एकसारखीच चालली पाहिजेत, एखादे सैल वा एखादे घट्ट असता कामा नये, ही त्या कार्यक्रमाची कायमची चिंता होती. यंत्रचाचण्यांचा स्वतंत्र अहवाल आर्थर मेल्टन यांनी १९४७ मध्ये संपादित केला. संपूर्ण कार्यक्रमाचे असे एकोणीस अहवाल प्रसिद्ध झाले.

सर्व चाचण्यांचे गुण योग्य भारांसह एकत्र करून वैमानिक, दिशादर्शक आणि बॉम्बफेक अधिकारी अशा तीन कामांसाठी तीन वेगवेगळे आकडे काढले जात. या आकड्याला ‘स्टॅनाइन’ हे नाव मिळाले. एक ते नऊ अशा नऊ श्रेणी, सरासरी पाच आणि प्रमाण विचलन दोन. सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या श्रेणीत प्रत्येकी सुमारे चार टक्के उमेदवार येतात, मधल्या पाचव्या श्रेणीत वीस टक्के. नऊच श्रेणी का, याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. एकअंकी संख्या छिद्रपत्राच्या एकाच स्तंभात मावते! शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आजही शिकविल्या जाणाऱ्या या मापनश्रेणीचा जन्म असा कार्यालयीन सोयीतून झालेला आहे.

या पद्धतीचे यश डोळ्यांत भरण्याजोगे होते. प्राथमिक उड्डाण-प्रशिक्षणात नवव्या श्रेणीतील सुमारे चार टक्के उमेदवार गळाले. पहिल्या श्रेणीतील गळतीचे प्रमाण सुमारे सत्त्याहत्तर टक्के होते. मधल्या श्रेणींत हे प्रमाण पायरीपायरीने चढत गेलेले दिसते. हा स्तंभालेख पुढे मानसशास्त्रीय मापनाच्या पाठ्यपुस्तकांत वारंवार छापला गेला, आणि तो तसा छापला जावा यात नवल नाही.

१९४३ चा प्रयोग

तथापि या स्तंभालेखापेक्षाही अधिक महत्त्वाची घटना वेगळीच आहे. १९४३ मध्ये या कार्यक्रमाने एक हजारांहून अधिक उमेदवारांचा एक प्रायोगिक गट निवडला. त्यांच्या चाचण्या घेतल्या, गुण नोंदविले आणि गुण काहीही असोत, सर्वांना उड्डाण-प्रशिक्षणाला पाठविले. नेहमीच्या नियमाने ज्यांना दारातूनच परत पाठविले गेले असते तेही त्यात होते. युद्ध ऐन भरात असताना, विमाने, इंधन आणि प्रशिक्षक यांची टंचाई असताना, बहुसंख्य अपयशी ठरतील हे ठाऊक असूनही हा खर्च करण्यात आला. आणि खर्च केवळ पैशाचाच होता असे नाही. प्रशिक्षणातही अपघात होतात.

त्यातून काय हाती लागले हे रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. पहिल्या महायुद्धातील चाचण्यांचे गणित करणाऱ्या एडवर्ड थॉर्नडाइक यांचे ते चिरंजीव. त्यांनी प्रायोगिक गटातील १,०३६ जणांची माहिती घेतली. संयुक्त स्टॅनाइन आणि प्रशिक्षणातील यश यांचा सहसंबंध या पूर्ण गटात ०.६४ आला. मानवी वर्तनाच्या भाकितात हा आकडा असामान्य मानला पाहिजे. नंतर त्यांनी एक साधी गोष्ट केली. युद्धाच्या अखेरीस जी किमान पात्रता प्रचलित होती ती लावली असती तर या १,०३६ पैकी केवळ १३६ जण, म्हणजे तेरा टक्के, आत गेले असते. तेवढ्याच १३६ जणांपुरता सहसंबंध काढला तेव्हा तो ०.१८ वर आला. यांत्रिक तत्त्वांच्या चाचणीचा सहसंबंध ०.४४ वरून ०.०३ वर उतरला. आणि त्या प्रसिद्ध संयुक्त समन्वय यंत्राचा? पूर्ण गटात ०.४०; निवडक गटात उणे ०.०३.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. प्रायोगिक गट घेतला नसता आणि नेहमीप्रमाणे केवळ निवडलेल्यांच्याच प्रगतीचा अभ्यास केला असता, तर समन्वय यंत्र सर्वथा निरुपयोगी आहे असाच निष्कर्ष निघाला असता व ते भंगारात गेले असते. चाचणी चांगली आहे की वाईट हे ज्या पुराव्यावरून ठरवावयाचे, तो पुरावाच चाचणीने आधी गाळून टाकलेला असतो. उमेदवारांतील तफावत कमी झाली की सहसंबंध खाली येतो, हे तत्त्व संख्याशास्त्राला नवे नव्हते. पण ते प्रत्यक्ष माणसांवर, विमानांसह, इतक्या स्पष्टपणे तपासून पाहण्याची संधी दुर्मीळ होती.

मात्र याच आकड्यांना दुसरी बाजूही आहे आणि पाठ्यपुस्तके तिच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. प्रायोगिक गटातील बहुसंख्य उमेदवार गळाले. प्रशिक्षण पूर्ण करणारे सुमारे चौथा हिस्सा होते. चौथा हिस्सा म्हणजे अडीचशेच्या आसपास माणसे. अखेरच्या कठोर मर्यादेने आत घेतले असते ते १३६. ते सर्वच्या सर्व यशस्वी झाले असे धरले तरी, ज्यांनी प्रत्यक्षात विमान चालवून दाखविले आणि पंख मिळविले त्यांतील शंभराच्या घरातील लोक चाचणीने नाकारले असते. लष्कराच्या हिशेबात हे योग्यच होते. उमेदवार मुबलक होते आणि गळती वाचविणे हे उद्दिष्ट होते. पण मर्यादा कोठे आखावयाची हे उमेदवाराच्या क्षमतेवरून ठरत नव्हते. वैमानिकांची गरज किती आणि दाराशी रांग किती लांब, यावरून ठरत होते. रांग वाढली तशी मर्यादाही वर सरकली. एकाच श्रेणीचा तरुण एका वर्षी वैमानिक होण्यास लायक आणि पुढच्या वर्षी नालायक ठरू शकत होता. ‘अभियोग्यता नाही’ या निर्णयाची भाषा मानसशास्त्राची असली तरी त्यातील मर्यादारेषा प्रशासनाची होती.

कोणते यश?

या सर्व सहसंबंधांत यशाचा निकष एकच होता : प्रशिक्षण पूर्ण झाले की नाही. युद्धातील कामगिरीचे काय? मानसशास्त्रज्ञ रणक्षेत्रांवरही गेले. त्यांच्या कामाचा स्वतंत्र अहवाल आहे. परंतु कोण कोणत्या आघाडीवर गेला, त्याला कोणते विमान मिळाले, किती वेळा शत्रूशी गाठ पडली, यात इतकी भिन्नता होती की तुलनेला समान पायाच उरत नव्हता. लढाईतील कामगिरीशी स्टॅनाइनचा संबंध अगदी क्षीण आढळला. पुढे थॉर्नडाइक आणि हेगन यांनी १९४३ मध्ये चाचणी दिलेल्या सुमारे दहा हजार जणांच्या नागरी जीवनाचा मागोवा घेतला. १९५९ च्या त्यांच्या ग्रंथातून निघालेला निष्कर्ष असा की, एखाद्या व्यवसायात शिरलेल्या माणसांपैकी अधिक यशस्वी कोण होईल, हे त्या चाचण्यांवरून सांगता येत नव्हते.

व्यक्तिमत्त्वाचा थांग लावण्याचे प्रयत्नही झाले. शाईच्या डागांची रोर्शाक चाचणी आणि मुलाखतवजा निरीक्षणे वैमानिकांच्या निवडीत फारशी उपयोगी पडली नाहीत. १९५४ मध्ये होल्ट्झमन आणि सेल्स यांनी अनुभवी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांसमोर उड्डाण छात्रांच्या चाचण्यांचे कागद ठेवले आणि यशस्वी कोण, अयशस्वी कोण ते ओळखण्यास सांगितले. त्यांचे अंदाज नाणे उडवून केलेल्या अंदाजापेक्षा सरस ठरले नाहीत. उलट विमाने, मोटारी, खेळ यांविषयी साधे प्रश्न विचारणारी सामान्य माहितीची लेखी चाचणी सर्वांत प्रभावी चाचण्यांपैकी एक ठरली. थॉर्नडाइक यांच्या पूर्ण गटात तिचा सहसंबंध ०.४६, म्हणजे समन्वय यंत्राहूनही अधिक होता. ज्याला विमानाची खरी ओढ आहे तो आपसूक त्याविषयी वाचतो, पाहतो, विचारतो. ही ओढ मापण्यास पिस्तुलाची वा फिरत्या खुर्चीची गरज नव्हती.

चाचणीच्या दारापर्यंतही ज्यांना येऊ दिले नाही त्यांची गोष्ट निराळी. अमेरिकी लष्करी युद्ध महाविद्यालयाच्या १९२५ च्या एका अहवालाने कृष्णवर्णीय सैनिकांना जबाबदारीच्या कामांस कनिष्ठ ठरविले होते, आणि लष्करी उड्डाणाचे दार त्यांना १९४१ पर्यंत बंद होते. ते उघडले ते कोणत्या चाचणीमुळे नव्हे, तर राजकीय दबावामुळे. टस्कीगी येथे जुलै १९४१ मध्ये तेरा जणांची पहिली तुकडी दाखल झाली आणि मार्च १९४२ मध्ये त्यांतील पाच जण वैमानिक झाले. युद्ध संपेपर्यंत ही संख्या शेकड्यांत गेली. येथेही नाकारलेल्यांना आत घेतल्यावरच नकाराचा आधार किती पोकळ होता हे कळले.

दुसरा प्रवाह : बर्लिन, एडिनबरो, डेहराडून

अमेरिकेने माणसाचा एक आकडा केला. जर्मनीने नेमके याच्या उलट केले. माक्स सिमोनाइट यांच्या नेतृत्वाखालील जर्मन सैन्य-मानसशास्त्राचा आग्रह ‘समग्र माणूस’ पाहण्याचा होता. अधिकारीपदाच्या उमेदवाराला दोन-तीन दिवस निवडकेंद्रात ठेवीत. त्याचे बोलणे, चेहरा, हावभाव, हस्ताक्षर, संकटात आज्ञा देण्याची पद्धत यांचे निरीक्षण होई आणि निरीक्षक आपसांत चर्चा करून अभिप्राय लिहीत. गुणांची बेरीज त्यांना गौण वाटे. वैमानिकांसाठी प्रतिक्रिया व समन्वयाची यंत्रे होती, पण निर्णय निरीक्षकाच्या आकलनावर अवलंबून असे. १९४२ मध्ये, आधी हवाई दलाची आणि नंतर भूदलाची मानसशास्त्रीय सेवा जर्मनीने मोडीत काढली. अधिकाऱ्यांचा तुटवडा इतका झाला होता की निवडण्यासारखे फारसे उरले नव्हते. ज्या वर्षी अमेरिकेत निवडशास्त्राची भरभराट होत होती त्याच वर्षी जर्मनीत ते अनावश्यक ठरले.

पण तोपर्यंत ही पद्धत ब्रिटनमध्ये पोचली होती. बर्लिनमध्ये ब्रिटिश लष्करी प्रतिनिधी म्हणून राहिलेले अँड्र्यू थॉर्न यांनी ती जवळून पाहिली होती. पुढे स्कॉटलंडमधील सेनाविभागाची सूत्रे त्यांच्याकडे असताना, १९४१ मध्ये एडिनबरो येथे या धर्तीवर प्रयोग सुरू झाले आणि १९४२ मध्ये युद्धकार्यालयाची अधिकारी निवडमंडळे स्थापन झाली. विल्फ्रेड बियॉन यांनी नेता न नेमता गटाला काम देऊन कोण पुढे येतो ते पाहण्याची पद्धत त्यांत आणली.

ब्रिटिश हवाई दलाने याशिवाय स्वतःची एक वाट काढली. १९४२ पासून उमेदवाराला टायगर मॉथ या छोट्या प्रशिक्षण विमानात सुमारे बारा तास उडविले जाई आणि त्या प्रत्यक्ष उड्डाणावरून तो वैमानिक व्हावा की अन्य काही हे ठरविले जाई. उड्डाणाची क्षमता उड्डाणातच पाहावी, हा विचार किती सरळ! महागडा होता, हवामानावर अवलंबून होता. पण त्यात उमेदवार एकदा तरी आकाशात जात असे आणि त्यानंतर नाकारला जात असे. पुढे त्याच्या जोडीला यंत्रचाचण्यांचा संचही आला.

भारतात हे दोन्ही प्रवाह ब्रिटिश अमलात आले. १९४३ मध्ये डेहराडून येथे नव्या धर्तीचे निवडमंडळ सुरू झाले. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि गट-परीक्षण अधिकारी अशी तिहेरी रचना त्याच परंपरेतील आहे. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मानसशास्त्रीय संशोधन शाखा स्थापन झाली. १९८२ पासून ती संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था या नावाने दिल्लीत कार्यरत आहे. हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी या व्यक्तिमत्त्व-परीक्षणाला वैमानिक अभियोग्यता चाचणीसंचाची जोड होती. उपकरणांच्या तबकड्या वाचण्याची लेखी चाचणी, दांडा व सुकाणूपट्टे यांनी प्रकाशबिंदू जागी ठेवण्याची संवेदन-कारक यंत्रचाचणी आणि वेगनियंत्रणाची चाचणी असे त्याचे तीन भाग होते. नंतर त्याची जागा संगणकीकृत वैमानिक निवड प्रणालीने घेतली. या प्रणालीची कल्पना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची.

एक संधी

भारतीय पद्धतीतील एका विसंगतीकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे. निवडमंडळासमोर अपयशी ठरलेला तरुण पुन्हा अर्ज करू शकतो. नाशिक वा छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी प्रशिक्षण संस्थांतून तयारी करणाऱ्या मुलांमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात यश मिळविणारे अपूर्वाईचे नाहीत. वैमानिक अभियोग्यता चाचणी मात्र दीर्घकाळ आयुष्यात एकदाच देता येत असे. तीत अनुत्तीर्ण झाल्यास उड्डाण शाखेचा मार्ग कायमचा बंद होई. अन्य शाखांचा उघडा राही. म्हणजे माणसाच्या समग्र व्यक्तिमत्त्वाविषयीचा निर्णय बदलू शकतो असे ही व्यवस्था मानत असे. दांडा आणि पट्टे हलविण्याविषयीचा निर्णय बदलू शकत नाही असे मानत असे.

या नियमामागील कारण तर्कशुद्ध आहे. यंत्रचाचणीत सरावाने गुण वाढतात, आणि सरावाने वाढलेले गुण उपजत क्षमतेचे माप राहत नाहीत. परंतु हाच तर्क उलट दिशेनेही चालतो. सराव सर्वांनाच सारखा मिळालेला नसतो. लहानपणापासून संगणकीय खेळ खेळलेला शहरी मुलगा आणि यंत्राचा दांडा प्रथमच हातात धरणारा खेड्यातील मुलगा यांची ‘पहिली’ वेळ सारखी नसते. अमेरिकी कार्यक्रमाचा सर्वोत्तम सहसंबंधही ०.६४ होता, एक नव्हे. ०.६४ वर शंभरांत काही जण चुकीने नाकारले जाणे अटळ असते. एकाच संधीच्या नियमाने ती चूक दुरुस्त होण्याची वाट बंद होई, आणि नाकारलेला उडतच नसल्याने ती चूक होती हेही कोणाला कळत नाही.

कलामांचे स्वतःचे उदाहरण या संदर्भात नेहमी सांगितले जाते, बहुधा प्रेरणादायी कथा म्हणून. १९५८ च्या सुमारास डेहराडूनच्या निवडमंडळासमोर ते पंचवीस उमेदवारांपैकी एक होते. जागा आठ होत्या. त्यांचा क्रमांक नववा आला. बुद्धिमत्तेपेक्षा तेथे व्यक्तिमत्त्वावर अधिक भर होता, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे. प्रेरणेचा भाग बाजूला ठेवून ही घटना निवडशास्त्राच्या दृष्टीने वाचली तर तिच्यातील खरा तपशील ‘नववा’ हा आहे. आठवा आणि नववा यांच्यामधील रेषा जागांच्या संख्येने आखली होती. जागा नऊ असत्या तर कलाम हवाई दलात गेले असते. ते चांगले अधिकारी झाले असते का, या प्रश्नाला मंडळाच्या दप्तरात उत्तर असणे शक्य नव्हते. ८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून राष्ट्रपती म्हणून त्यांनी सुखोई-३० मधून उड्डाण केले तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, आणि विमानाची मुख्य सूत्रे हवाई दलाच्या वैमानिकाच्या हाती होती.